गोदाकाकूंचं कपाळ

गोदाकाकू माणसाशी बोलताना डोळ्यांकडे पाहत नसत, कपाळाकडे पाहत. मेहकरच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला आले आणि त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवलं. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्यांनी माझ्या कपाळावरची बारीक टिकली न्याहाळली आणि म्हणाल्या, "मॅडम, हे मोहरीएवढं टिंब कायले लावता? लावायचं तं दुरून दिसलं पायजे." त्यांच्या स्वतःच्या कपाळावर गडद मरून रंगाची, मखमली, नाण्याएवढी टिकली होती. ती दुरून दिसत होती हे खरंच.

बसस्टँडकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कटलरीचं दुकान होतं. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कटलरी म्हटलं की काटेचमचे कोणाला आठवत नाहीत. बांगड्या, टिकल्या, पिना, गंगावनं, नेलपॉलिश, मेंदीचे कोन, असा सगळा बायकांचा साज म्हणजे कटलरी. काकू उंच स्टुलावर बसत आणि मागे न वळता हात मागे नेऊन हवी ती वस्तू काढत. बांगड्या भरणं ही त्यांची खरी कला. नवरीमुलीचा हात हातात घेतला की त्या विचारत, "सासरी कोण कोण हाय वं?" मुलगी दीर, नणंदा, जावा मोजायला लागे, आणि चुलतसासऱ्यापर्यंत पोचेपर्यंत चुडा मनगटावर गेलेला असे. एखादी कळवळलीच तर म्हणत, "झालं झालं. एवढ्यानं रडशील तं मोठ्या जावेपुढं काय करशील?"

त्या प्रेमळ होत्या असं मी एकदम म्हणणार नाही. जीभ तिखट होती. कोणाच्या घरात काय शिजतंय याची त्यांना फार हौस. बोलता बोलता एखादीला नावं ठेवायच्या आणि संध्याकाळी तिच्याच घरी वाटीभर लोणचं पाठवायच्या. कपाळाच्या बाबतीत मात्र त्यांचा कडक नेम होता. रात्री झोपतानाही टिकली काढत नसत. जुनी काढून नवी लावायची तेवढ्या वेळात कपाळ कोणाला दिसू नये म्हणून पदर पुढे ओढून घेत. बाईचं कपाळ उघडं दिसणं म्हणजे घरावर संकट, हे त्यांच्या मनात लहानपणापासून बसलेलं होतं. आणि ते बसतं ठेवणारं माणूस घरातच होतं.

त्यांच्या सासूला सगळी गल्ली मोठी माय म्हणायची. काठी जवळ घेऊन ती दिवसभर ओट्यावर बसे. तरुणपणीच नवरा गेलेला. कपाळावर फिकट हिरवं गोंदण तेवढं उरलं होतं. तिचा एकुलता एक मुलगा म्हणजे काकूंचे यजमान, तात्या. पैनगंगेच्या काठाला त्यांचं वावर होतं. वांगी, मेथी, कोथिंबीर करायचे. पहाटे मोटारसायकलीला दोन्ही बाजूंनी पोती लावून भाजीबाजारात जायचे आणि तिथूनच वावरात. बोलणं त्यांना जड जाई. मी वरून उतरताना दिसले की "या" म्हणत, चढताना दिसले की "बरं" म्हणत. चौथी मनीषा, बी.ए. झालेली मुलगी. तिच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं.

उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी शाळेला निघाले तेव्हा काकू अंगणातल्या नळावर तोंड धूत होत्या. टिकली काढून त्यांनी नळाच्या भिंतीला चिकटवली होती. माझी चाहूल लागून त्यांनी मान वर केली, आणि मला त्यांचं उघडं कपाळ दिसलं. टिकलीच्या जागी दुधासारखा पांढरा, अगदी गोल डाग होता. कडेने थोडा लाल. जणू टिकली काढली तरी तिचा पांढरा साचा मागे राहिला होता.

त्यांनी झटकन पदर ओढला. "पाह्यलं तुम्ही?"

"हो."

"मंग पाह्यलं नाही असं समजा."

त्या संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या. एरवी काही हवं असलं की खालून हाक मारायच्या. दार लावून खाली बसल्या. बराच वेळ फरशीवर बोट फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कोड हाय का हो ते?"

"मला काय कळणार काकू? आपण डॉक्टरला दाखवू."

"डॉक्टरले दाखवलं म्हणजे गावाले दाखवलं. मनीचं जमून राह्यलं. मायले कोड हाय म्हटलं तं पोरीले कोण करीन?"

मी समजावू लागले की कोड असलं तरी तो काही संसर्ग नव्हे, लाज वाटण्यासारखं तर मुळीच नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं शाळेतलं ठीक हाय," एवढंच म्हणून उठल्या.

त्यानंतर त्यांची टिकली मोठी होत गेली. डाग टिकलीबाहेर येतो आहे असं वाटलं की त्या वरच्या आकाराची घेत. ती लावली की डाग आणखी सरकत असे. गिऱ्हाइकं कौतुक करत, काकू, तुम्हाला शोभते हो मोठी टिकली. काकू हसत. पण हिशेब सांगता सांगता त्यांचा हात कपाळाकडे जाई आणि बोटाचं पेर टिकलीच्या कडेवर दाबून त्या खाज मारत. मला ते दिसे. मग मी दुसरीकडे पाही.

दुसरबीडचं स्थळ आलं ते याच दिवसांत. मुलगा जालन्याला नोकरीला, घरचं बागायती वावर. मुलाची आई, मामा आणि मुलगा असे तिघे मनीषाला पाहायला आले. काकूंनी मला मदतीला बोलावलं होतं. भर दुपारी लाइट गेली. खोलीत माणसं दाटलेली, पंखा बंद. मनीषाचं पाहणं नीट पार पडलं. तिने प्रश्नांना उत्तरं दिली, मुलानेही एक-दोन गोष्टी विचारल्या, मुलाची आई समाधानाने माझ्याकडे पाहून हसली. आता जमलंच असं वाटत असताना काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता. त्या वाकल्या आणि टिकली गळून ट्रेमध्ये, दोन कपांच्या मधे पडली.

सगळ्यांनी आधी टिकलीकडे पाहिलं. मग काकूंच्या कपाळाकडे.

काकूंच्या दोन्ही हातांत ट्रे होता. पदर ओढायला हात मोकळा नव्हता. त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. शेवटी मनीषाने पुढे होऊन ट्रे घेतला.

"कधीपासून आहे हो हे?" मुलाच्या आईने विचारलं. आवाज मऊ होता, आणि म्हणूनच भीती वाटली.

"भाजलं होतं," काकू म्हणाल्या. "पुऱ्या तळताना तेल उडालं."

"असं का."

तेल इतकं गोल उडत नाही हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. चहा पिऊन झाला. "कळवतो," मामा म्हणाले. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत काकू पदर धरून दारात उभ्या होत्या. मग आत येऊन मला म्हणाल्या, "उद्या बुलढाण्याले चला माह्यासंग."

बुलढाण्याच्या त्वचेच्या डॉक्टर वयाने माझ्याहून लहान असतील. त्यांनी काकूंचं कपाळ भिंग लावून पाहिलं. मग हातपाय पाहिले, ओठांच्या कडा पाहिल्या. चपला काढायला लावून पट्ट्याखालची जागाही पाहिली. काकू चकित होऊन माझ्याकडे बघत होत्या. डाग वर आणि ही पाय काय पाहते, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"टिकली रोजची हीच?"

"हो. दुकानातली. घरचीच."

"रात्रीही असते?"

"कपाळ उघडं ठेवत नाही मी."

डॉक्टरांनी काकूंच्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट मागितलं. टिकलीचे तुकडे काकूंच्या पाठीला चिकटवले, वर पट्टी लावली आणि दोन दिवसांनी यायला सांगितलं. ते दोन दिवस काकू पाठ भाजल्यासारख्या ताठ बसायच्या. परत गेलो तेव्हा पट्टीखालची जागा लाल होऊन फुगली होती.

"मावशी, हे नेहमीचं कोड दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "टिकलीच्या मागच्या गोंदात एक रसायन असतं. ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशीच मारून टाकतं. सगळ्यांना होत नाही, काहींनाच होतं. तसलं रसायन रबरी चपलेत असू शकतं, हातमोज्यांत असू शकतं. म्हणून मी पाय पाहिले. आता कपाळाला काही लावायचं नाही. टिकली नाही, कुंकू नाही. फक्त मी देते ते मलम."

"मंग रंग येईन परत?"

"काहींचा येतो, हळूहळू. काहींचा नाही येत. पण लावत राहिलात तर वाढेल हे नक्की."

मला वाटलं होतं की कोड नाही म्हटल्यावर त्या सुटकेचा श्वास टाकतील. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. त्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं. आत काय आहे, कोणी बनवलं, काही लिहिलेलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये चिखली मागे पडली. मग काकू खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, "मॅडम, अर्ध्या मेहकरच्या कपाळावर माह्या हातची टिकली हाय."

इथे गोदाकाकूंनी लगेच काहीतरी थोर केलं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मलम कपाटात गेलं. टिकली कपाळावर राहिली. दुसरबीडचा निरोप यायचा होता, आणि तो येईपर्यंत त्यांना कपाळाचा विषयच नको होता. दुकानात टिकल्यांची पाकिटं लटकत होती तशीच लटकत होती. कोणी मागितलं की त्या काढून देत. फक्त देताना गिऱ्हाइकाच्या कपाळाकडे बघणं त्यांनी सोडलं होतं. त्या दिवसांत त्या घरात सगळ्यांवर खेकसायच्या. मोठी माय म्हणे, "हिले काय झालं?" तात्या न बोलता जेवून उठत.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी दुकानात बसले होते. मागच्याच महिन्यात लग्न होऊन आलेली एक मुलगी आली. चुडा काकूंनीच भरलेला, अजून करकरीत होता. "काकू, या टिकलीनं मले खाज सुटते. दुसऱ्या रंगाची द्या ना," ती म्हणाली.

काकू स्टुलावरून उतरल्या. मुलीला हाताला धरून दुकानाच्या पायरीवर, उजेडात नेलं. नखाने टिकली उचलली. खाली लाल, पुरळ आलेलं वर्तुळ होतं. पांढरं काही नव्हतं अजून.

"दुसरी द्या ना काकू," मुलगी म्हणाली.

काकूंनी रस्त्यावर एकदा इकडेतिकडे पाहिलं. शेजारचा कापडवाला दारात उभा होता, समोर दोघी बायका रिक्षाची वाट पाहत होत्या. त्या सगळ्यांसमोर काकूंनी स्वतःची टिकली काढली.

"हे पाह्य. नीट पाह्य. ही तुह्यासारख्याच पाकिटातली हाय. आता घरी जाऊन जेवढ्या असतीन तेवढ्या टाकून दे. मी देल्ल्या होत्या, मीच सांगून राह्यली."

मुलगी दोन पावलं मागे सरली. समोरच्या बायकांपैकी एकीने तोंडाला पदर लावला. काकू आत आल्या आणि दोरीवर लटकणारी सगळी पाकिटं खाली उतरवू लागल्या. मी उठून मदत करायला गेले तर म्हणाल्या, "बसा. माह्या हातानं लावले होते."

बोभाटा संध्याकाळपर्यंत गावभर झाला, पण उलटा. गोदीला कोड फुटलं आणि ती टिकलीवर ढकलून राहिली. रस्त्यावरच्या दुसऱ्या कटलरीवाल्यांना तेच सोयीचं होतं. सणासुदीच्या तोंडावर ही बाई धंदा बुडवणार म्हणून ते चिडले. आता तिच्या हातून बांगड्या भरणं नको असं काहीजणी उघड म्हणू लागल्या. नवरीमुली घेऊन येणाऱ्या आया दुसऱ्या दुकानांत वळल्या. खामगावहून माल देणारा ठोक व्यापारी स्वतः येऊन गेला. गोडच बोलला. "काकू, तुमची कातडी नाजूक. त्याले माल काय करीन? सगळ्यांची कपाळं थोडीच पांढरी झाली?"

"एकीचं झालं तरी ते कपाळच हाय," काकू म्हणाल्या. "तुमच्या घरी कोणी लावते का ही? लावून पाहा आधी."

त्याने माल परत घेतला नाही. काकूंनी खोकी बांधून माळ्यावर टाकली आणि विकली नाहीत.

घरात याहून कठीण होतं. मोठी माय पहिल्या दिवशी सुनेच्या कपाळाकडे नुसती पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी काठी आपटून उभी राहिली. "काय वं गोदे, माह्या लेकाच्या जिवावर उठली का?"

"आत्याबाई, डॉक्टरनं मनाई केली."

"डॉक्टरीण तुह्या नवऱ्याचं आयुष्य वाढवून देईन का? उघडं कपाळ काय असते ते मले माहीत हाय. मी बसली आयुष्यभर उघडं घेऊन. तुले काय माहीत?"

काकू चुलीपुढे नसत्या तर कोसळल्या असत्या असं मनीषा मला नंतर म्हणाली. त्या भाकरी थापत राहिल्या. तात्या दाराशी चप्पल घालत होते. ते काही बोलले नाहीत, हे काकूंना सासूच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

त्याच आठवड्यात काकू मनीषाला न सांगता दुसरबीडला जाऊन आल्या. उघड्या कपाळाने गेल्या. तेल उडालं नव्हतं, मी खोटं बोलले, खरं हे आहे, असं त्यांनी मुलाच्या आईला सांगितलं. बाईंनी चहा दिला, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "आमचं काही म्हणणं नाही हो बाई. पण भावकीला काय सांगावं? प्रत्येकाला बसून डॉक्टरचं सांगत बसावं का?" स्थळ मोडलं. मनीषा दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती दुकानात जाऊन आईच्या शेजारच्या स्टुलावर बसली, आणि आलेल्या पहिल्याच बाईला टिकली का नाही ते तीच सांगू लागली.

मग तात्यांचा अपघात झाला.

पावसाला सुरुवात झाली होती. पहाटे बाजारात जाताना पुलाच्या उतारावर मोटारसायकल घसरली आणि डोकं कठड्यावर आदळलं. लोकांनी मेहकरच्या दवाखान्यात नेलं, तिथून बुलढाण्याला हलवलं. मी शाळेला रजा टाकून दुपारी पोचले. तात्या बेशुद्ध होते. डॉक्टर म्हणत होते, शुद्ध येईपर्यंत काही सांगता येत नाही. बाहेरच्या बाकावर काकू, मनीषा, गावची चार-सहा माणसं. सगळे काकूंच्या कपाळाकडे बघत होते. तिथे काही नव्हतं, आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

मोठी माय भिंतीला धरून आली. हातात टिकलीचं पाकीट होतं. कुठून आणलं, कोणी दिलं, देव जाणे. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"गोदे," ती म्हणाली, "मी तुह्या पाया पडते. लाव."

आणि ती ऐंशीच्या पुढची बाई खरंच वाकू लागली. काकूंनी तिला खांद्याला धरून वर उचललं. मनीषा म्हणाली, "आई, नको." काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. पाकिटातली एक टिकली काढली आणि डागावर दाबून बसवली.

तात्यांना शुद्धीवर यायला वेळ लागला. दोन दिवसांनी मी पुन्हा गेले तेव्हा काकूंच्या टिकलीभोवती लाल कडं उमटलं होतं. त्या दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या, खाजवायला जाऊ नयेत म्हणून. काहीही विचारलं तरी "बरं हाय" म्हणत होत्या. मला वाटलं, संपलं. आता त्या आयुष्यभर ती टिकली काढणार नाहीत.

त्या दुपारी तात्यांनी डोळे उघडले. नर्सने दोघींना आत सोडलं. काकू आणि मोठी माय गेल्या. मी आणि मनीषा दाराच्या काचेशी उभ्या होतो, दार अर्धवट उघडं होतं. तात्यांनी आधी आईकडे पाहिलं. मग बायकोकडे. बराच वेळ पाहत राहिले. ओळखतात की नाही अशी शंका यायला लागली. मग त्यांनी सलाईन नसलेला हात हळूहळू वर केला आणि काकूंना जवळ यायची खूण केली. काकू वाकल्या. तात्यांची बोटं त्यांच्या कपाळावर चाचपडली, एकदा घसरली, पुन्हा गेली. टिकली त्यांनी नखाने उचलून काढली.

"हे काऊन लावलं?" आवाज घोगरा, तुटक होता. "मनाई हाय ना तुले."

काकूंचा हात सवयीने पदराकडे गेला.

"मी हाय," तात्या म्हणाले. "दिसत नाही का?"

मोठी माय पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. टिकली चादरीवर पडली होती. काकूंनी ती उचलली नाही. मोठ्या मायनेही उचलली नाही. थोड्या वेळाने तिनेच चादर झटकली, आणि लेकाच्या पायांवर नीट ओढली.

तात्या घरी आले. डाव्या हाताला थोडी कमजोरी राहिली, पण वावरात जाऊ लागले. काकू पुन्हा दुकानात बसल्या. गिऱ्हाईक कमी होतं ते कमीच होतं. त्यानंतर कधीतरी, श्रावणाच्या सुमाराला, बायका यायला सुरुवात झाली. दुपारी गर्दी नसताना येत. आधी पिना मागत, रुमाल मागत. मग दुकानाच्या मागच्या पडद्याकडे पाहून विचारत, "जरा आत येऊ का?" पडद्याआड गेल्यावर टिकली काढून दाखवत. एकीला फिकट डाग, एकीला नुसती लाली, एकीला काकूंच्यासारखाच दुधाळ गोल. ती हिवरा आश्रमाकडून आली होती, आणि नवऱ्यालासुद्धा तिने कधी कपाळ दाखवलं नव्हतं. आतून हुंदक्याचा आवाज यायचा, मग काकूंचा, तिखट, नेहमीचा. "रडून रंग येते का? बुलढाण्याले जाय. आजच जाय. नवऱ्याले मी सांगते." खरंच काहींच्या नवऱ्यांना त्यांनी दुकानात बोलावून सांगितलं.

मग त्यांना दुकानातल्या सगळ्याच मालाचा संशय येऊ लागला. पाच मिनिटांत काळीभोर रंगणारा मेंदीचा कोन हुंगून म्हणाल्या, "पानाचा रंग इतक्या घाईनं चढते का कुठं? हे केसाले लावायचं काहीतरी हाय." कोन गेले. गोरं करणारी एक मलमाची डबी होती, तिच्यावर परदेशी अक्षरं होती आणि बाकी कोरी. ती गेली. नेलपॉलिशच्या बाटल्या त्यांनी उघडून नाकाशी धरल्या आणि दुपारभर डोकं धरून बसल्या. कधी कधी अती व्हायचं. साध्या रबरबँडलाही त्या बोल लावत. "जेच्यावर लिहून नाही ते अंगाले लावायचं नाही," असा त्यांनी नियम काढला. मनीषा म्हणे, "आई, मग दुकानात ठेवायचं काय?" काकू म्हणत, "काचेच्या बांगड्या. काच कोणाचा रंग नेत नाही."

मलम त्या नेमाने लावत. वर्षभराने पांढऱ्या गोलात तिळाएवढे तपकिरी ठिपके उगवले. जागा कधी पूर्ण भरली नाही. मनीषाचं पुढे लोणारकडच्या एका मुलाशी ठरलं. बोलणी सुरू व्हायच्या आधीच काकूंनी कपाळाची सगळी हकिगत सांगून टाकली, समोरच्यांनी विचारण्याची वाट पाहिली नाही. लग्नात मुलीचा चुडा त्यांनी स्वतः भरला, आणि सासरचे कोण कोण हे विचारायचं विसरून गेल्या.

माझी बदली झाली तेव्हा निरोप आदल्या दिवशीच घेऊन झाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बस बसस्टँडवरून सुटली आणि बाजाराच्या रस्त्याला बैलगाडी आडवी आल्यामुळे बरोबर त्यांच्या दुकानासमोर थांबली. मी खिडकीशी होते. काकू एका मुलीचा हात धरून बांगड्या भरत होत्या, मान खाली. त्यांनी मला पाहिलं नाही. दुकानाच्या पायरीवर मोठी माय बसली होती. अलीकडे तिला घरात एकटं करमत नसे, म्हणून तात्या सकाळी आणून सोडत. मुलीसोबत आलेली एक अनोळखी बाई काकूंच्या कपाळाकडे बघत होती. मग ती मोठ्या मायकडे वाकून काहीतरी हळूच बोलली.

मोठ्या मायला कमी ऐकू येई. म्हणून ती सगळं मोठ्यानेच बोलायची.

"नवरा?" ती म्हणाली. "नवरा तिचा वांगे तोडून राह्यला वावरात. नदीकाठी हाय. जाय, पाहून ये."

काकूंनी मान वर केली नाही. मुलीच्या मनगटावर शेवटची बांगडी सरकवली आणि दुसरा हात पुढे करायला सांगितलं. बैलगाडी बाजूला झाली, आणि आमची बस निघाली.